सोव्हिएत युद्धपदकांचा संच: खरा कितपत, आणि एकाच सैनिकाचा कितपत?

जुनीफीत (प्रश्न)

नमस्कार. मी मूळचा नाण्यांचा संग्राहक. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत पदकांकडे अलीकडेच वळलो आहे, त्यामुळे जाणकारांना विचारल्याशिवाय मोठी खरेदी करायची नाही, असे ठरवले आहे. रशियाबाहेरच्या एका खासगी संग्रहातून आलेला एक संच विक्रेत्याने मला तपासणीसाठी पाठवला आहे. त्यात पुढील वस्तू आहेत: ‘लाल तारा’ हे सन्मानचिन्ह, ‘शौर्यासाठी’ हे रौप्यपदक, ‘जर्मनीवरील विजय’ हे पितळी पदक, विजयाच्या विसाव्या आणि तिसाव्या वर्धापनदिनाची दोन पदके, आणि एक सन्मानपुस्तिका. हा एकाच सैनिकाचा, रणांगणावर कमावलेला, संपूर्ण संच आहे असे विक्रेत्याचे म्हणणे असून किंमतही त्याने त्याच हिशेबाने लावली आहे.

पुस्तिकेत दोनच नोंदी आहेत. पहिली ‘शौर्यासाठी’ पदकाची, एप्रिल १९४३ मधील. दुसरी ‘लाल तारा’ची, ३ नोव्हेंबर १९४४ या तारखेची. दोन्ही नोंदींतील क्रमांक वस्तूंच्या मागच्या क्रमांकांशी जुळतात. तरीही काही गोष्टी मला खटकतात. ‘शौर्यासाठी’ पदक पंचकोनी पट्टीवर (पदक जिला लटकते ती), कडांना निळ्या रेघा असलेल्या करड्या फितीत आहे. परंतु ही पट्टी तर जून १९४३ मध्ये आली असे मी वाचले आहे, मग एप्रिलमध्ये दिलेले पदक तिच्यावर कसे? पुस्तिका १९४७ मध्ये दिलेली आहे, म्हणजे पदके मिळाल्यानंतर कितीतरी काळाने. हे स्वाभाविक आहे का? ‘लाल तारा’च्या दोन टोकांवरील मिन्याचे टवके उडालेले आहेत आणि मधला भाग बराच काळवंडलेला आहे. तो चांदीच्या पॉलिशने हलकेच स्वच्छ करावा का?

संच खरा आहे की नाही, हे कोणत्या क्रमाने तपासावे आणि त्याचे मोल कशावरून ठरवावे, याविषयी मार्गदर्शन मिळाल्यास उपकृत होईन. पुस्तिकेवरील नाव कुटुंबाच्या खासगीपणाचा विचार करून येथे देत नाही.

ठसासाचा (उत्तर)

क्रमाबद्दल आपण विचारलेत हे फार चांगले झाले, कारण या छंदातील बहुतेक फसगती क्रम उलटा झाल्यामुळे होतात. माणूस आधी कथा ऐकतो, मग कागद पाहतो आणि वस्तूकडे सर्वांत शेवटी वळतो. तोवर मन तयार झालेले असते. आपण पुस्तिका सध्या बाजूला ठेवा आणि एकेक वस्तू जणू तिला कागदच नाही अशी समजून पाहा. दहापट दाखवणारे चांगले भिंग, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढी साधने पुरेशी आहेत. आम्लाची कसोटी मात्र लावू नका. तिने चांदी आहे एवढेच कळते, खोटे पदकही चांदीचे असू शकते, आणि डाग कायमचा राहतो.

‘शौर्यासाठी’ पदक १७ ऑक्टोबर १९३८ रोजी ‘रणसेवेसाठी’ या पदकाबरोबर सुरू झाले. त्याचा व्यास ३७ मिलिमीटर, तर ‘रणसेवेसाठी’चा ३२. पट्टी वगळता त्याचे वजन साधारण २८ ग्रॅम, एखाद-दीड ग्रॅम इकडेतिकडे. समोरच्या बाजूस वर तीन विमाने, मध्ये दोन ओळींत लाल मिन्याने भरलेली अक्षरे, त्याखाली अनेक बुरुजांचा टी-३५ रणगाडा आणि तळाशी सोव्हिएत संघाची आद्याक्षरे आहेत. भिंगाखाली विमाने आणि रणगाड्याच्या साखळपट्ट्या पाहा. साच्याखाली दाबून उठवलेल्या पदकात त्यांच्या कडा धारदार असतात आणि सपाट भूमी घट्ट, एकसंध दिसते. खऱ्या पदकावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत कोपरे गोलसर होतात, भूमीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, आणि धातू थंड होताना आकसत असल्याने व्यास मूळ पदकापेक्षा किंचित कमी भरतो. म्हणूनच मोजमाप महत्त्वाचे. अर्धा मिलिमीटर कमी भरणारे पदक डोळ्यांना निर्दोष वाटले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. युद्धकाळातील या पदकांच्या मागे क्रमांक असतो, नंतरच्या काळातील पदकांवर तो नसतो. त्यामुळे क्रमांक नसणे हा स्वतःहून दोष नव्हे.

पट्टीविषयीची आपली शंका सहज फिटण्यासारखी आहे. प्रारंभी हे पदक लहान आयताकृती पट्टीवर, लाल फितीत दिले जाई. १९ जून १९४३ च्या आदेशाने पंचकोनी पट्टी आणि प्रत्येक पदकाची स्वतंत्र फीत ठरवण्यात आली, आणि ज्यांना आधी पदके मिळाली होती त्यांनीही ती नव्या पट्टीवर चढवली. म्हणून एप्रिल १९४३ चे पदक पंचकोनी पट्टीवर असणे अगदी स्वाभाविक आहे. उलट, लाल फितीची जुनी पट्टी शाबूत असलेले पदक दुर्मीळ असते आणि त्याला जास्त मोल मिळते. त्यामुळे नकली जुन्या पट्ट्या बनवून खऱ्या पदकांना लावण्याचे प्रकार भरपूर चालतात. अशी पट्टी समोर आली तर संशय तिथे घ्या.

‘लाल तारा’ ६ एप्रिल १९३० रोजी स्थापन झाला. चांदीचा पंचकोनी तारा, त्यावर भट्टीत भाजलेला माणकासारखा गडद लाल मिना, मध्ये बंदूक घेतलेला लाल सैनिक आणि भोवती ‘जगातील कामगारांनो, एक व्हा’ ही घोषणा, अशी त्याची रचना आहे. समोरासमोरच्या टोकांतील अंतर ४७ ते ५० मिलिमीटर, वजन ३३ ग्रॅमच्या आसपास. मागे मध्यभागी आटे असलेला खुंट, त्यावर नट, वरच्या बाजूला टाकसाळीचे नाव आणि खाली क्रमांक. ही रचना फार वर्षे चालली. दर्जाच्या बाबतीत पाहण्यासारख्या जागा तीन: मिना, खुंट आणि क्रमांक.

मिना काच आहे हे लक्षात ठेवले की बाकीचे सोपे होते. खऱ्या मिन्याचा टवका उडतो तेव्हा तुटलेली जागा शिंपल्यासारखी चकचकीत, वळणदार असते आणि तिच्या तळाशी धातू दिसतो. राळेच्या नकली मिन्यात तुटलेली कड मंद, कुस्करल्यासारखी असते. नंतर दुरुस्त केलेल्या टोकावर रंगाची छटा थोडी वेगळी असते आणि पृष्ठभाग किंचित फुगीर किंवा जास्तच गुळगुळीत दिसतो. अंधारात अतिनील दिव्याखाली पाहिल्यास राळ अनेकदा उजळते आणि काच उजळत नाही. आपल्या ताऱ्याच्या दोन टोकांवरचे टवके या सन्मानचिन्हात इतके सर्वसाधारण आहेत की न दुरुस्त केलेले टवके मला दुरुस्त केलेल्या निर्दोष टोकांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात. खुंट कापून आखूड केला आहे का तेही पाहा. नट बदललेला असणे सर्रास आढळते आणि त्यावरून निष्कर्ष काढू नये.

आता क्रमांक. वस्तू खरी, पुस्तिका खरी आणि तरीही संच खोटा, ही स्थिती याच एका जागेवर निर्माण होते. पुस्तिका मूळ वस्तूपासून विलग झालेली असली की तिच्यातील क्रमांक दुसऱ्या खऱ्या ताऱ्यावर कोरण्याचा उद्योग केला जातो. बहुतेक वेळा सगळे आकडे नव्हे, शेवटचे एकदोनच. त्यासाठी आधी जुना आकडा घासावा लागतो, म्हणजे धातू कमी करावाच लागतो. तेथे उथळ खळगा राहतो. पोलादी पट्टीची कड क्रमांकावर आडवी टेकवून मागून उजेड धरा. कडेखालून एखाद्याच ठिकाणी प्रकाश झिरपला, तर शंका घेण्यास जागा आहे. आकड्यांच्या खोबणीत साचलेला मळ सगळीकडे सारखा आहे का, आकड्यांची लांबी, झोक आणि खोली एकाच हाताची वाटते का, आणि क्रमांकाच्या आजूबाजूची साच्याची मूळ पोत अखंड आहे का, हे तिरप्या उजेडात पाहून येथे कळवा.

एक अपवाद येथेच सांगून ठेवतो. हरवलेल्या सन्मानचिन्हाच्या बदल्यात अधिकृत दुय्यम प्रत दिली जाई आणि तिच्यावर मूळ क्रमांकासोबत रशियन ‘द’ हे अक्षर असे. तसे अक्षर दिसले तर क्रमांकाचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो.

‘जर्मनीवरील विजय’ पदकाबद्दल थोडक्यात. ते ९ मे १९४५ चे, पितळी, ३२ मिलिमीटरचे. मार्शलच्या गणवेशातील स्टालिनचा चेहरा डावीकडे वळलेला. सुमारे दीड कोटी लोकांना ते मिळाले आणि त्यावर कधीच क्रमांक नव्हता. ते खरे असण्याची शक्यता जास्त, परंतु ते याच सैनिकाचे आहे असे केवळ वस्तूवरून कोणीही सिद्ध करू शकणार नाही. वर्धापनदिनाच्या दोन्ही पदकांचेही तेच.

मिनाकारी (उत्तर)

वर जे लिहिले आहे त्याला पूर्ण अनुमोदन. स्वच्छतेच्या प्रश्नावर मात्र कोणी बोलले नाही आणि तो तातडीचा आहे, म्हणून लिहितो: कृपया ताऱ्याला पॉलिश लावू नका. मधल्या भागाचा काळसरपणा हा मळ नाही. टाकसाळीतच चांदीला रासायनिक प्रक्रियेने काळी झाक दिली जाई, जेणेकरून सैनिकाची आकृती लाल मिन्यावर उठून दिसावी. पॉलिशने ती झाक गेली की पुन्हा आणता येत नाही आणि चमकणारा सैनिक असलेला तारा जाणकाराला दुरूनच ओळखू येतो. शिवाय क्रमांकाभोवतीच्या ज्या सूक्ष्म खुणा आपल्याला आता तपासायच्या आहेत, त्याच पॉलिशने पुसल्या जातात. पाणी व साबणही टाळा, कारण टवक्यांच्या कडेतून ओल मिन्याखाली शिरते आणि पुढचा टवका उडायला वेळ लागत नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणे पुरेसे आहे.

जपणुकीच्या दृष्टीने नाण्यांसाठी मिळणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ही पदके ठेवू नयेत. त्यातून निघणारे द्रव्य धातूवर हिरवट चिकट थर आणते. आम्लरहित कागद आणि कोरडी, अंधारी जागा हवी. फीत उन्हात उडते आणि तिला धुऊ नये. फीत जीर्ण असेल तरी बदलू नका, निदान जुनी फेकून तरी देऊ नका.

दफ्तरखाना (उत्तर)

मी कागदाच्या बाजूने लिहितो. माझ्या मते या संचातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण सहज एका ओळीत देऊन गेलात, ती म्हणजे ‘लाल तारा’च्या नोंदीची तारीख, ३ नोव्हेंबर १९४४.

४ जून १९४४ च्या आदेशाने सोव्हिएत सैन्यात दीर्घ सेवेबद्दल सन्मान देण्याची पद्धत सुरू झाली. दहा वर्षांच्या निर्दोष सेवेला ‘रणसेवेसाठी’ पदक, पंधरा वर्षांना ‘लाल तारा’, वीस वर्षांना ‘लाल निशाण’, पंचवीस वर्षांना लेनिन सन्मान आणि तीस वर्षांना पुन्हा ‘लाल निशाण’ असा तिचा क्रम होता. या पद्धतीने दिलेल्या सन्मानांचे आदेश मोठमोठ्या याद्यांच्या रूपाने निघत, आणि ३ नोव्हेंबर १९४४ ही त्यांपैकी एका मोठ्या खेपेची तारीख आहे. ३० एप्रिल १९५४ आणि ३० डिसेंबर १९५६ या तारखाही याच कारणाने वारंवार दिसतात. १४ सप्टेंबर १९५७ रोजी ही पद्धत बंद झाली आणि दीर्घ सेवेसाठी निराळे पदक आले. म्हणजे आपल्या पुस्तिकेतील तारा बहुधा पंधरा वर्षांच्या सेवेचा आहे, एखाद्या चढाईचा नव्हे. आणि तसे असेल तर ‘रणांगणावर कमावलेला’ हे विक्रेत्याचे वर्णन या एका वस्तूपुरते टिकत नाही.

आघाडीवर मिळणारे सन्मान निराळ्या वाटेने येत. १० नोव्हेंबर १९४२ पासून रेजिमेंटच्या कमांडरला पदके आणि डिव्हिजनच्या कमांडरला ‘लाल तारा’ सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, वतीने प्रदान करण्याचा अधिकार मिळाला. त्यासाठी तुकडीतून शिफारसपत्र जाई आणि त्यात त्या माणसाने काय केले याचे छोटे वर्णन असे: कोणत्या गावाजवळ, कोणत्या दिवशी, कोणता मारा चालू असताना. संग्राहकांच्या लेखी ही पत्रे अनमोल आहेत, कारण त्यांच्यामुळे धातूच्या तुकड्याला नाव, जागा आणि तारीख लाभते. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २०१० मध्ये ‘पोद्विग नरोदा’ हे संकेतस्थळ सुरू करून पोदोल्स्क येथील केंद्रीय अभिलेखागारातील असे लक्षावधी कागद खुले केले. नंतर ‘पाम्यात नरोदा’ हे अधिक विस्तृत स्थळ आले. शोध माणसाच्या आडनाव, नाव, पितृनाम आणि जन्मवर्षावरून घ्यावा लागतो, पदकाच्या क्रमांकावरून नव्हे. म्हणूनच पुस्तिका नसलेला तारा बहुधा मुका राहतो. पुस्तिका आपल्याकडे असल्याने आपण आजच शोध घेऊ शकता. नाव नेहमीचे असेल तर त्याच नावाची शेकडो माणसे समोर येतील. तेव्हा जन्मवर्ष आणि ‘शौर्यासाठी’ पदकाच्या आदेशाची तारीख जुळवून पाहा.

पुस्तिकेच्या १९४७ या वर्षाने विचलित होऊ नका. आघाडीवर आधी तात्पुरते प्रमाणपत्र मिळे आणि पुस्तिका त्याच्या बदल्यात पुढे केव्हातरी दिली जाई, कित्येकदा युद्ध संपल्यावर. एकच पुस्तिका सर्व सन्मानचिन्हांना आणि ‘शौर्यासाठी’सारख्या क्रमांकित पदकांना पुरे, ‘जर्मनीवरील विजय’ आणि वर्धापनदिनाच्या पदकांना मात्र नाव लिहिलेले स्वतंत्र प्रमाणपत्र असे. ती प्रमाणपत्रे आपल्या संचात नाहीत असे दिसते. विक्रेत्याकडे आहेत का, हे जरूर विचारा. तसेच पुस्तिकेसोबत पैशांच्या कुपनांची चोपडी आहे का तेही विचारा. १ जानेवारी १९४८ पर्यंत सन्मानधारकांना दरमहा रक्कम मिळे, ‘लाल तारा’साठी १५ रूबल आणि ‘शौर्यासाठी’साठी १०. फाडलेल्या कुपनांची चोपडी ही नकलाकारांना क्वचितच सुचणारी गोष्ट असल्याने माझ्या दृष्टीने ती भक्कम पुरावा असते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. दीर्घ सेवेचा तारा म्हणजे हलक्या दर्जाचा तारा, असा समज बाजारात रूढ आहे आणि किमतीही त्याप्रमाणे ठरतात. परंतु नोव्हेंबर १९४४ मध्ये ज्याची पंधरा वर्षे भरली, तो माणूस १९२९ च्या सुमारास सैन्यात आलेला होता. स्टालिनच्या १९३७–३८ च्या अटकसत्रांतून आणि १९४१ च्या भीषण माघारीतून तो जिवंत उरला होता. अशा माणसाच्या पुस्तिकेला मी दुय्यम मानणार नाही.

ठसासाचा

दफ्तरखाना यांनी तारखेवर बोट ठेवले ते अगदी योग्य. फक्त एवढे जोडतो की, ३ नोव्हेंबर १९४४ या दिवशीच्या सर्वच नोंदी दीर्घ सेवेच्या होत्या असे गृहीत धरू नये. त्या दिवशी आघाडीवरही आदेश निघतच होते. अभिलेखातील नोंद मिळेपर्यंत ‘बहुधा’ हा शब्द सोडू नये. शिवाय या दोन वस्तूंची तुलना करताना संख्येचे भान ठेवावे. युद्धकाळात ‘लाल तारा’ वीस लाखांहून अधिक वेळा दिला गेला आणि ‘शौर्यासाठी’ पदक त्याहूनही जास्त वेळा. दोन्हींचे मोल दुर्मीळतेत नाही. ते अवस्थेत आणि कागदाशी असलेल्या नात्यात आहे. या दोन वस्तूंवर ‘अतिदुर्मीळ’ असे लिहिणारा विक्रेता दिसला तर पुढे वाचायचीही गरज नाही.

जुनीफीत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पॉलिश कपाटातच राहिले.

मोजमापे अशी आली. ‘शौर्यासाठी’: व्यास ३७ मिलिमीटर, पट्टीशिवाय वजन २७.७ ग्रॅम, साखळपट्ट्या आणि विमाने भिंगाखाली धारदार दिसतात, छिद्रे नाहीत. मागचा क्रमांक सर्वत्र सारखाच झिजलेला असून सगळ्या आकड्यांत सारखाच काळसर मळ आहे. ‘लाल तारा’: समोरासमोरच्या टोकांत ४८ मिलिमीटर, वजन ३२.४ ग्रॅम, टवक्यांच्या कडा शिंपल्यासारख्या चकचकीत आहेत आणि अतिनील दिव्याखाली काहीही उजळत नाही. ‘द’ हे अक्षर कोठेही नाही.

परंतु क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांची खोबण आधीच्या आकड्यांपेक्षा स्वच्छ आणि उजळ आहे. पोलादी पट्टी टेकवून पाहिली असता नेमक्या त्याच दोन आकड्यांखाली उजेडाची बारीक रेघ दिसते. तिरप्या उजेडात तेथे एकाच दिशेने गेलेले सूक्ष्म ओरखडेही आहेत, जे बाकी पृष्ठभागावर नाहीत. शेवटचा आकडा सात असून त्याची आडवी रेघ याच क्रमांकात आधी आलेल्या साताच्या रेघेपेक्षा लांब आहे.

अभिलेखातही शोध घेतला. ‘शौर्यासाठी’ पदकाचा रेजिमेंटचा आदेश एप्रिल १९४३ च्या तारखेसह मिळाला, नाव व जन्मवर्ष जुळते. त्यात शत्रूच्या माऱ्याखाली तुटलेली टेलिफोनची तार वारंवार जोडल्याचे वर्णन आहे. ‘लाल तारा’ची नोंद ३ नोव्हेंबर १९४४ च्या यादीत आहे आणि तिच्यात कोणत्याही लढाईचा उल्लेख नाही. विक्रेत्याने प्रमाणपत्रे किंवा कुपनांची चोपडी नसल्याचे कळवले आहे.

ठसासाचा

इतकी नेमकी निरीक्षणे मिळाल्यावर मत देणे सोपे आहे. ताऱ्याचे शेवटचे दोन आकडे घासून पुन्हा कोरलेले आहेत. खळगा, ओरखड्यांची एकच दिशा, मळाचा अभाव आणि दोन सातांतील फरक या चार खुणा स्वतंत्र आहेत. त्यांपैकी एखादी अपघाताने येऊ शकते, चारही एकाच जागी येत नाहीत. तारा स्वतः टाकसाळीतून निघालेला अस्सल आहे, हे वजन, मिना आणि मोजमाप पाहता निश्चित. तो या पुस्तिकेचा मात्र नाही.

त्यामुळे मोल ठरवताना संचाचे तीन भाग पाडा. पुस्तिका आणि ‘शौर्यासाठी’ पदक हा गाभा आहे. दोन्ही अस्सल, परस्परांशी जुळणारे, आणि आता तर ज्यामुळे पदक मिळाले त्या कामाचे वर्णनही हाती असलेले. एखाद्या टेलिफोन-सैनिकाचे असे पूर्ण जुळलेले पदक मला कित्येक निनावी सन्मानचिन्हांपेक्षा जास्त मोलाचे वाटते. दुसरा भाग ताऱ्याचा. क्रमांक बदललेल्या वस्तूला बाजारात साध्या, कागद नसलेल्या ताऱ्यापेक्षाही कमी मोल मिळते, कारण तिचा मूळ क्रमांक आणि त्यासोबत तिच्या मूळ मालकापर्यंत जाण्याची वाट कायमची बुजलेली असते. तिसरा भाग उरलेल्या तीन पदकांचा. ती त्या काळाची प्रातिनिधिक पदके म्हणून ठेवावीत, या सैनिकाची म्हणून नव्हे. विसाव्या वर्धापनदिनाच्या पदकावर बर्लिनमधील ट्रेप्टो उद्यानातील सैनिकाचा पुतळा, तर तिसाव्याच्या पदकावर व्होल्गोग्रादच्या मामायेव टेकडीवरील मातृभूमीचा पुतळा आहे. तिसाव्याच्या पदकाची मागची बाजू तेवढी वाचा. तेथे ‘युद्धात सहभागी’ किंवा ‘श्रमिक आघाडीत सहभागी’ असे लिहिलेले असते, आणि लढलेल्या सैनिकाच्या संचात दुसऱ्या प्रकारचे पदक निघाले तर ते बाहेरून आणून घातले आहे हे उघड होते.

दफ्तरखाना

वरील विभागणी मला मान्य आहे. विक्रेत्याला आपली निरीक्षणे छायाचित्रांसह कळवा. हा बदल त्याच्याही आधीच्या कोणीतरी केलेला असू शकतो, म्हणून आरोपाच्या स्वरात लिहू नका. तो संच फोडून पुस्तिका आणि ‘शौर्यासाठी’ पदक स्वतंत्रपणे देण्यास तयार असेल, तर मी आपल्या जागी तेवढेच घेतले असते.

कायद्याबद्दल कोणी विचारले नाही, तरी या विषयात तो टाळता येत नाही. रशियाच्या फौजदारी संहितेच्या ३२४ व्या कलमानुसार रशियन संघराज्य, रशियन सोव्हिएत प्रजासत्ताक आणि सोव्हिएत संघ यांच्या शासकीय सन्मानांची बेकायदा खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. त्यामुळे रशियात राहणाऱ्या विक्रेत्याशी असा व्यवहार करू नये आणि तेथून टपालाने काही मागवू नये. आपला संच पूर्वीच बाहेर गेलेल्या संग्रहातील आहे असे विक्रेता म्हणतो. तो कोणाकडून आणि केव्हा आला, हे त्याच्याकडून लेखी घ्या आणि तो कागद पुस्तिकेसोबतच जपून ठेवा.

तारा घ्यायचे ठरवलेत, तर त्याच्यासोबत एक चिठ्ठी अवश्य ठेवा: शेवटचे दोन आकडे बदललेले आहेत, पुस्तिकेशी संबंध नाही. या नोंदीशिवाय तो पुढे कोणाच्या हाती गेला की तीच पुस्तिका आणि तोच तारा पुन्हा एकाच सैनिकाचे म्हणून विकले जातील. अभिलेखातील आदेशाची प्रत मात्र ‘शौर्यासाठी’ पदकासोबत लावा, आणि तो सैनिक कोणत्या रेजिमेंटमध्ये होता हे आदेशाच्या मथळ्यावरून कळले असेल तर तेवढे येथे लिहा. त्या रेजिमेंटच्या युद्धदैनंदिनीचे कागदही ‘पाम्यात नरोदा’वर बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहेत, आणि एप्रिल १९४३ मध्ये ती तुकडी नेमकी कोठे लढत होती हे शोधायला मला आनंद वाटेल.